मडगार्डवाल्या मॅडम

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणसं आधी नवरानवरी कुठं बसलेत ते बघतात, नाहीतर पंगत कुठं बसलीय ते. राजश्री मॅडम आधी गाड्या कुठं लावल्यात ते बघतात. मग पदर खोचून एखाद्या अनोळखी गाडीपाशी उभ्या राहतात, पुढच्या चाकावरच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकवतात, सगळा भार टाकून गाडी खाली दाबतात आणि झटकन हात काढून घेतात. गाडी वर येऊन एकदाच बसली तर मान हलवून पुढच्या गाडीकडे वळतात. पण वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर अशी ती झुलायला लागली, की मॅडम मालकाला शोधायला निघतात. बरोबरचे आलोकराव, म्हणजे त्यांचे यजमान, अशा वेळी कुणाशी तरी पावसापाण्याच्या गप्पा काढून हळूहळू लांब सरकतात.

नांदेडला एका लग्नात तर कहर झाला. नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी दारात उभी होती. मॅडमनी ती दाबली आणि गाडीनं भोंगा पसरला. बँडवाले वाजवायचे थांबले, करवल्या पळत बाहेर आल्या, वरबाप घाम पुसत किल्ली शोधू लागले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. भोंगा थांबल्यावर त्यांनी वरबापाला शांतपणे सांगितलं, की उजवा शॉकर गेलाय, गाडी धक्के झेलत नाही, सूनबाईला या गाडीतून लांब नेऊ नका. वरबापाचा चेहरा काय झाला असेल याची कल्पना करावी. पुढं पंधरवड्यानं त्याच गृहस्थांचा फोन आला, शॉकर कुठं चांगले मिळतात म्हणून. तेव्हापासून आलोकरावांनी लग्नातून लांब सरकण्याचं अंतर जरा कमी केलं.

एरवी बाई साधी. लातुरात क्लासच्या पोरापोरींना प्राणिशास्त्र शिकवते, घरी येऊन वरणाला फोडणी देते, पांढरी गाडी स्वतः चालवते. हे वेड तिला जन्मापासून नव्हतं. ते लागलं गेल्या वर्षीच्या वेळ अमावस्येला, आणि ते का लागलं हे सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे लातूर भागाचा जिवाभावाचा सण. त्या दिवशी गावंच्या गावं उठून शेतात जातात. दुकानांची शटर खाली, रस्ते मोकळे, शहरात कुत्रंसुद्धा एकटं पडतं. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पांडवांचे दगड मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, ज्याला शेत नाही त्यालाही ओढून जेवायला बसवायचं आणि उभ्या पिकात अंबील शिंपडत फेरी मारायची. ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण-मिरची घालून आंबवलेली ही अंबील घरातून शेतापर्यंत न्यायची ती मातीच्या मडक्यात, घरच्या कर्त्या माणसानं, डोक्यावर.

राजश्रीचे वडील भुजंगराव, घरात सगळ्यांचे अण्णा, यांनी उभा जन्म हे मडकं वाहिलं. अहमदपूरजवळच्या त्यांच्या गावात अजून त्याबद्दल बोलतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर काठोकाठ भरलेलं मडकं, आणि अण्णा ढेकळातून असे चालायचे की एक थेंब खांद्यावर पडायचा नाही. वाटेत कुणी रामराम घातला तर फक्त डोळ्यांनी उत्तर. राजश्री लहानपणी त्यांच्या मागं पळायची आणि आता सांडेल, मग सांडेल म्हणून वाट बघायची. कधी सांडलं नाही.

मग अण्णांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. गावाकडं दवाखान्याची सोय नाही म्हणून ते आणि आई केवळाबाई राजश्रीकडं लातूरला येऊन राहिले. डोक्यावर ओझं घ्यायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलं, आणि अण्णांनी ते मुकाट ऐकून घेतलं. गेल्या वर्षी वेळ अमावस्येला त्यांनी मडकं मांडीवर घेतलं आणि गाडीत पुढं बसले. म्हणाले, डोकं न्हाई तर मांडी. तेवढ्यावरही ते खुशीत होते.

अहमदपूर मागं पडलं, डांबर संपलं, शेताचा कच्चा रस्ता लागला. ओढ्यावर पुलाऐवजी एक ठेंगणी दगडी फरशी आहे. रस्ता तिथं वळतो, त्यामुळं गाडीचं एक चाक आधी खाली उतरतं आणि दुसरं मागून. आलोकराव बेतानंच चालवत होते. तरी पुढचं चाक धाडकन आदळलं आणि अण्णांच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की मागच्या सीटवरून राजश्री पुढं झेपावली. बैलानं पायावर पाय दिला तरी ज्या माणसानं कधी हूं केलं नव्हतं, तो माणूस ओरडला होता. गाडी तिथूनच मागं फिरली. तो सण त्यांनी अहमदपूरच्या एका दवाखान्याच्या बाकड्यावर काढला. संध्याकाळी अंबिलीचं मडकं होतं तसं भरलेलं लातूरला परत आलं. केवळाबाई शेजारी वाटायला निघाल्या तर शेजारी कोणी नव्हतं, सगळे आपापल्या शेतात होते. शेवटी ती त्यांनी कुंडीतल्या तुळशीला घातली.

अण्णा दुसऱ्या दिवशी एवढंच बोलले, की इथून पुढं तुम्हीच जात जा. राजश्रीला ते वाक्य गिळता येईना. माणूस शेतावर रागावला असता तर चाललं असतं, पण हे नुसतं सोडून देणं होतं. तिनं मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी हा माणूस त्याच रस्त्यानं त्याच फरशीवरून जाईल आणि त्याला कळणारही नाही.

तर हे असं सुरू झालं. बेडकाच्या सांध्यांवर तास घेणारी बाई गाडीच्या सांध्यांवर व्हिडिओ बघू लागली. शिवमूर्ती मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसू लागली आणि त्याला इतके प्रश्न विचारू लागली, की तो तिला लांबून बघितलं की चहा सांगायचा, म्हणजे निदान चहा येईपर्यंत तरी काम करता यावं. हाताला लागेल ती गाडी दाबून बघायची सवय तिथलीच. टायर कुठून झिजतंय, शॉकरवरून तेलाचा ओघळ आलाय का, सरळ रस्त्यावर हात सोडला तर गाडी कुठं ओढते, ब्रेक मारल्यावर नाक किती खाली घालते, हे सगळं पाना न लावता घरच्या घरी कळतं, हे ती भेटेल त्याला सांगू लागली. भेटेल तो ऐकायच्या आत निघून जाऊ लागला.

स्वतःच्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकर तिला तेलानं माखलेले सापडले होते. ते तिनं दिवाळीआधी बदलून घेतले. भाऊबीजेला अण्णांना घेऊन ती नांदेडला गेली. तिथं तिचा धाकटा भाऊ आदिनाथ रेल्वेच्या ऑफिसात आहे. जाताना अण्णा जागे होते, येताना चक्क झोपले. घरी उतरल्यावर म्हणाले, गाडी आता बरी चालती गं. राजश्रीनं त्या रात्री तेच तेच सांगून आलोकरावांना झोपू दिलं नाही. आणि डिसेंबर लागल्यावर एका सकाळी ऊन खात बसलेले अण्णा, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले की यंदा बघू. केवळाबाईंनी त्याच दुपारी नवीन मडकं आणलं.

सगळं ठरलं. आदिनाथ नांदेडहून बायको पुनम आणि पोरांना घेऊन थेट शेतात येणार, कोप तो उभी करणार. लातूरहून राजश्री अण्णांना आणि अंबिलीला आणणार. आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी मंडईतून भाजीच्या पिशव्या घेऊन येताना, राजश्रीच्या गाडीनं आवाज केला.

खट.

तिनं काच खाली केली. दोन खड्ड्यांनंतर पुन्हा, खट. कुणीतरी खालून हातोडीनं टिचकी मारावी तसा. दुसरं कुणी असतं तर रेडिओ मोठा केला असता. राजश्री थेट घरी आली. दारात गाडी लावून ती पिशव्या आत न नेताच मडगार्ड दाबू लागली. डावं दाबलं, उजवं दाबलं. गाडी वर यायची, एकदाच बसायची. नवीन शॉकर ठणठणीत होते. ज्या परीक्षेवर तिचा सगळा जीव होता, त्या परीक्षेत गाडी पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास होत होती, आणि आवाज मात्र होता तिथंच होता.

तिनं शिवमूर्तीला फोन लावला. तो निलंग्याच्या पुढं आपल्या गावी पोचलेला, मागं पोरांचा कालवा. तो म्हणाला, नवे शॉकर जागा धरतात तेव्हा करतात आवाज, परवा दाखवा. परवाला काय चाटायचंय, असं तिच्या तोंडावर आलं होतं. बाकीची गॅरेजं बंद तरी होती नाहीतर बंद होत होती. भाड्याची गाडी त्या दिवशी लातुरात शोधणं म्हणजे वेडेपणा, ती लोकांनी महिना आधी ठरवून ठेवलेली असते. आदिनाथला सांगितलं तर तो नांदेडहून समजूतदारपणे म्हणाला, की ताई, अण्णांना यंदा राहू दे, आपण शेतातून व्हिडिओ कॉल लावू, सगळं दाखवू. राजश्रीनं फोन ठेवला. समजूतदार माणसांचा तिला एवढा राग आधी कधी आला नव्हता.

वाईट म्हणजे हे बोलणं अण्णांनी ऐकलं होतं. ते खाटेवर आडवे होते. म्हणाले, राहू दे गं, मी हाय घरी, मडकं तेवढं तुम्ही न्या. तोच गेल्या वर्षीचा आवाज, सोडून देणारा.

"अण्णा, तुम्ही उद्या येणार आहात," राजश्री म्हणाली. "मला दुपारपर्यंत वेळ द्या."

आणि पदर खोचून ती बाहेर पडली.

आता तिनं डोकं लावलं. आलोकरावांना स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, गोगलगाईच्या चालीनं चालवा. स्वतः चाकाबरोबर वाकून चालू लागली, कान मडगार्डला लावून. कॉलनीतल्या बायका गच्चीवर भज्जीसाठी वाल-तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. कोपऱ्यावर भला मोठा गतिरोधक आहे. त्याच्यावरून गाडी गेली, आवाज नाही. राजश्री चक्रावली. एवढ्या टेकाडावरून गेली आणि गप्प? तिनं पुन्हा नेली. गप्प. मग पुढं नळाच्या पाइपसाठी खणून बुजवलेली आडवीतिडवी चारी लागली. बोटभर खोल, त्यातून गाडी तिरकी गेली आणि खट.

मोठ्या टेकाडावर मुकी आणि बोटभर चारीत बोलते. तिनं आलोकरावांना मागं-पुढं, मागं-पुढं इतकं पळवलं की वरून एक काकू म्हणाल्या, जावईबापू, परीक्षा हाय का आज? गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर चढतात. चारीत एक चढतं, एक उतरतं. म्हणजे दुखणं कुठल्या एका चाकाचं नव्हतंच. दोन चाकं एकमेकांशी भांडली की ते बोलत होतं. आणि ती मघापासून एकेक कोपरा दाबून बघत होती.

डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधणारा एक वाकडा लोखंडी दांडा गाडीखाली असतो. वळणावर गाडी कलू नये म्हणून एका चाकाची उठबस तो दुसऱ्याला सांगतो. त्याच्या दोन्ही टोकांना बोटाएवढी जाड कांडी असते, तिला लिंक रॉड म्हणतात, आणि कांडीच्या टोकाला रबरी टोपीखाली एक गोळी असते, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. राजश्रीनं हे स्वतः वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं, खांदा शिकवताना. पोरं हसली होती.

"लिंक रॉड," ती म्हणाली. आलोकरावांनी न समजता मान हलवली. संसारात तेवढं येतंच.

जॅक लावून गाडीची डावी बाजू उचलली. दुसऱ्या चाकांमागं विटा लावल्या. चाक वर-खाली धरून हलवलं, आजूबाजूला हलवलं, कुठं ढिलाई नाही. मग वाकून कांडी धरली आणि गदगदा हलवली. कांडी हलेना. पहारेसारखी घट्ट. उजवीकडं केलं, तीही घट्ट. पुन्हा डावीकडं. सूर्य डोक्यावर आला. केवळाबाई दोनदा जेवायला हाक मारून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली नाही, नुसत्या दारात उभ्या राहिल्या, आणि राजश्रीला ते जास्त लागलं.

हात ग्रीसनं बरबटलेले तसेच घेऊन ती आत आली आणि अण्णांच्या खाटेच्या कडेला बसली. तिला रडू येत होतं. लाज वाटत होती. वर्षभर गावाच्या गाड्या दाबत फिरली आणि स्वतःच्या दारातली गाडी तिला सांगेना काय होतंय ते. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, आज पाठ कशी आहे.

"आडव्या माणसाला काय दुखणार हाय?" अण्णा म्हणाले. "आडवं पडल्यावर मी बी ठणठणीतच असतो. उभं करून इचार की."

राजश्री त्यांच्याकडं बघत राहिली. मग इतक्या झटक्यानं उठली की खाट हलली आणि अण्णा म्हणाले, अगं, अगं. ती केव्हाच बाहेर गेली होती.

गाडी आडवी होती! म्हणजे जॅकवर लोंबकळत होती. एक बाजू उचलली की तो दांडा पिळला जातो, कांडी ताणली जाते आणि गोळीतली सगळी ढिलाई ताणाखाली लपते. वर्षभर फिजिओथेरपीवाला मुलगा अण्णांना उभं करून, चालवून, वाकवून तपासत होता, तिच्या डोळ्यांदेखत, आणि तिनं आपला रुग्ण टांगून तपासला होता. तिनं जॅक उतरवला. गाडी चारी पायांवर उभी केली, हँडब्रेक ओढला, विटा सारख्या केल्या. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं, म्हणजे चाकामागं हात घालायला जागा झाली. आणि आलोकरावांना सांगितलं, दाबायचं नाही. छताला धरून गाडी आडवी हलवायची, पाळणा हलवावा तशी.

एकट्यानं ती हलेना. गच्चीवरून बघणाऱ्या बायका एव्हाना खालीच उतरल्या होत्या. शेंगांच्या टोपल्या ओट्यावर ठेवून त्या एका बाजूला लागल्या, आलोकराव दुसऱ्या बाजूला, आणि गाडी डुलायला लागली. राजश्री उकिडवी बसून डाव्या चाकामागं हात घालून कांडी मुठीत धरून होती. कान नको, डोळे नको, सगळा जीव बोटांत. आणि बोटांना ते कळलं. खट. मुठीत, नाडी लागावी तसं. गाडी या बाजूला गेली की खट, त्या बाजूला गेली की खट. वरची गोळी टोपीत खुळखुळत होती.

"सापडलं," ती ओरडली. "आई, सापडलं. इकडं ये, हात लावून बघ."

केवळाबाईंनी खरंच हात घातला. एकीमागून एक सगळ्या बायकांनी हात घातला आणि प्रत्येकीला ते खट लागल्यावर प्रत्येकीच्या तोंडून अरे देवा निघालं. लातुरात त्या दुपारी लिंक रॉडचं दुखणं समजलेल्या बायका एका गल्लीत जेवढ्या होत्या तेवढ्या दुसरीकडं कुठं असतील असं वाटत नाही.

आता पार्ट. हरिओम स्पेअर्सचं शटर गुडघ्यापर्यंत खाली आलेलं. राजश्री स्कूटर तशीच टाकून वाकली आणि शटरखालून आत डोकावली. आत हरिओमशेठ चपला शोधत होते, घरचे सगळे टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होते. ते म्हणाले, मॅडम, परवा. तिनं वाकल्या वाकल्याच त्यांना फरशी सांगितली, किंकाळी सांगितली, तुळशीला घातलेली अंबील सांगितली. शेठच्या बायकोनं टेम्पोतून ते ऐकलं आणि हॉर्न वाजवायचा थांबला. शेठनी मुकाट्यानं बल्ब लावला आणि फळीवरून जोडी काढून दिली. एका बाजूची बदलली की दुसऱ्या बाजूचीही बदलायची, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

जुनी कांडी काढताना जीव अर्धा झाला. नट गंजलेला, आणि पाना फिरवला की आतली गोळीही त्याच्याबरोबर गरागरा फिरायची. मधल्या खाचेत छोटी चावी घालून ती आलोकरावांनी धरायची आणि बाहेरून राजश्रीनं पाना ओढायचा, असा संसार दोघांनी तास-दीड तास केला. पाना निसटून तिची बोटं सोलली, त्यांचा अंगठा चेंगरला, दोघांनी एकमेकांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. शेवटी नट सुटला. नव्या कांड्या बसल्या. आणि नट शेवटचे घट्ट तिनं चाकं जमिनीवर टेकवून, गाडी उभी करून मगच आवळले. ती चूक आता जन्मात होणार नव्हती. उन्हं कलताना गाडी चारीतून तिरकी गेली, मागं आली, पुन्हा गेली. नुसता टायरखालच्या मातीचा आवाज. गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आलोकराव चेंगरलेला अंगठा तोंडात धरून हसत होते.

अण्णा हे सगळं खिडकीतून बघत होते. संध्याकाळी केवळाबाई ताक घुसळायला बसल्या तेव्हा म्हणाले, लसूण जरा जास्त घाल, आदिनाथला आवडतं.

सकाळी थंडी मी म्हणत होती. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला, आणि गाडीत पुढं बसल्यावर दोन्ही हात पसरले. केवळाबाईंनी घोंगडीत गुंडाळलेलं मडकं त्यांच्या मांडीवर दिलं. काठोकाठ भरलेलं. राजश्री म्हणाली, आई, थोडं कमी भरायचं. अण्णा म्हणाले, भरलेलंच नेतात.

गाडी तिनं चालवली. डांबर होतं तोवर सगळे बोलत होते. अहमदपूर आलं आणि बोलणं कमी झालं. कच्चा रस्ता लागला तेव्हा मागं केवळाबाई पुटपुटत काहीतरी म्हणत होत्या आणि आलोकरावांनी पुढची सीट धरून ठेवली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी, शेताशेतांत कोपी, माणसांचे आवाज. ओढा आला. राजश्रीनं वेग मोडला. डावं चाक उतरलं, मग उजवं. गाडी एका बाजूला कलली, सावरली, दुसऱ्या बाजूला कलली, सावरली. मडक्यातली अंबील काठापर्यंत आली आणि मागं गेली. फरशी संपली.

"थांबीव," अण्णा म्हणाले.

राजश्रीचा पाय ब्रेकवर गेला. दुखलं का, हे तिनं विचारायच्या आतच अण्णांनी मडकं मागं आलोकरावांच्या हातात दिलं, दार उघडलं, दाराला धरून सावकाश उतरले. केवळाबाई म्हणाल्या, अवं कुठं चाललाव? ते गाडीच्या पुढं गेले. डाव्या चाकापाशी उभे राहिले. आणि फेटा सारखा करून त्यांनी मडगार्डवर दोन्ही तळवे टेकवले, जमेल तेवढा भार टाकून दाबलं आणि झटकन हात काढून घेतले. वर्षभर खाटेवर पडून खिडकीतून लेकीला बघत होते, तस्संच. गाडी थोडी खाली गेली, वर आली आणि थांबली.

अण्णा वाकून बघत राहिले. मग मान हलवली.

"एकदाच बसली," ते काचेतून म्हणाले. "बरोबर हाय."

ते परत येऊन बसले, मडकं मांडीवर घेतलं, घोंगडी नीट केली. कोपीकडून आदिनाथची पोरं ओरडत पळत येत होती. अण्णा म्हणाले, चल आता, वाट बघलालेत. राजश्रीनं गाडी सुरू केली, पण तिला पहिला गिअर काही केल्या सापडेना.